इंजिन ठोकू लागले : बांधावे, बदलावे की विकावे?

आपल्या नांदेड-लातूर भागात छोटा धंदा करणाऱ्या माणसाच्या दारात एखादे डिझेल इंजिन हमखास सापडते. कुणाची पिठाची गिरणी त्यावर चालते, कुणाचे वेल्डिंग, कुणाच्या शिलाई कारखान्याचा जनरेटर. इंजिन नीट चालते तोवर त्याच्याकडे कुणी बघत नाही. एक दिवस मात्र नेहमीच्या आवाजात ‘ठक ठक’ असा ठोका मिसळतो आणि मालकाच्या छातीत धस्स होते. मग सल्ले सुरू होतात. एक जण म्हणतो, हंगाम उरकून घ्या, नंतर बघू. दुसरा म्हणतो, पूर्ण इंजिन बांधून घ्या. तिसरा म्हणतो, भंगारात काढा आणि नवे आणा. या तिघांपैकी कुणीही इंजिन उघडून पाहिलेले नसते.

आमचा धंदा कापडाचा. इंजिनाचे शास्त्र आम्ही कुठे शिकलो नाही. परंतु इतवाऱ्यातील दुकानाबरोबर आमचा एक छोटा शिलाई कारखाना आहे आणि तेथील जनरेटरच्या दोन इंजिनांनी आम्हाला जे शिकवले, त्यातले पहिले नुकसान सोसून आणि दुसरे नुकसान टाळून शिकलो. तो तजुर्बा कारागीर बांधवांच्या उपयोगी पडावा म्हणून येथे मांडत आहोत.

२००७ सालची चूक

२००७ साली १४ ऑक्टोबरला रमजान ईद आणि ९ नोव्हेंबरला दिवाळी होती. कापडवाल्याच्या दृष्टीने असे वर्ष म्हणजे बरकतीचे वर्ष. त्या काळात भारनियमन एवढे होते की दिवसातले कित्येक तास वीज नसायची. कारखाना इंजिनावरच चालत असे. ईदच्या आठवडाभर आधी इंजिन ठोकू लागले. मिस्त्रीने बंद करायला सांगितले. आम्ही म्हणालो, ‘‘चारच दिवस काढू द्या, मग तुमच्याच हवाली करतो.’’

चार दिवस काही निघाले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी मोठा आवाज झाला. कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकच्या बाजूला भोक पाडून बाहेर आला होता. सारे तेल जमिनीवर सांडले. जे काम बेअरिंग आणि क्रँकवर भागले असते, तेथे आता ब्लॉक, क्रँक, रॉड, पिस्टन काहीच कामाचे उरले नाही. इंजिन वजनावर भंगारात गेले. ईदचे शिलाईकाम दुसऱ्याकडे द्यावे लागले आणि जुनी गिऱ्हाईके नाराज झाली ती वेगळीच.

असे का होते, हे नंतर मिस्त्रीने समजावून सांगितले. ५ ते ७ हॉर्सपॉवरची आपल्याकडची बहुतेक इंजिने मिनिटाला १,५०० फेरे घेतात. फोर-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा डिझेल पेटते. म्हणजे मिनिटाला ७५० आणि तासाला ४५,००० वेळा. दर वेळी पिस्टनवर तीन ते चार टनांचा दाब येतो आणि तो कनेक्टिंग रॉडमधून क्रँकच्या बेअरिंगवर उतरतो. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामध्ये केसाच्या जाडीएवढी फट असते आणि त्या फटीत तेलाचा पातळ थर असतो. थर आहे तोवर लोखंडाला लोखंड लागत नाही. बेअरिंग झिजून फट वाढली की तेल टिकत नाही आणि प्रत्येक दाब हातोड्याच्या घावासारखा बसतो. ठोका लागलेले इंजिन आणखी एक तास चालवणे म्हणजे असे ४५,००० घाव घालणे होय. शेवटी रॉडचे बोल्ट तुटतात.

म्हणून पहिला नियम असा : ठोका ऐकू आला की इंजिन बंद करावे. बांधायचे की विकायचे हे नंतर ठरवता येते, परंतु चालवत राहिलात तर तो निर्णय इंजिनच घेऊन टाकते.

प्रत्येक ठोका बेअरिंगचा नसतो

दुसरी चूक याच्या अगदी उलट होते. आवाज ऐकला, घाबरलो आणि पूर्ण इंजिन बांधायला दिले. प्रत्यक्षात दोष एखाद्या सैल बोल्टचा असतो. म्हणून स्वस्त कारणे आधी तपासावीत.

पायाचे बोल्ट सैल झाले, इंजिन आणि अल्टरनेटर जोडणाऱ्या कपलिंगचे रबर झिजले, किंवा फ्लायव्हीलची चावी सैल झाली, तरी अगदी ठोक्यासारखाच आवाज येतो. सैल फ्लायव्हीलने तर चांगले चांगले मिस्त्री फसले आहेत. ही तपासणी एका पान्याने आणि अर्ध्या तासात होते. वॉल्व्हचे टॅपेट ढिले असतील तर आवाज हलका, टिकटिक असा येतो आणि तो फिलर गेज लावून दुरुस्त होतो.

त्यानंतर इंधनाचा ठोका. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सुमारे १७ पट दाबली जाऊन तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेटते. नोझल थेंब थेंब गळत असेल, पंपाचे टायमिंग पुढे सरकले असेल, डिझेलमध्ये भेसळ असेल किंवा हवेचा दाब कमी पडत असेल, तर डिझेल वेळेवर न पेटता साचते आणि एकदम भडकते. तो आवाज कोरडा व तीक्ष्ण असतो. थंड इंजिनात तो जास्त येतो आणि इंजिन तापल्यावर कमी होतो.

हे ओळखण्यासाठी मिस्त्री चालत्या इंजिनाचे इंधन क्षणभर तोडतो. इंधन तुटल्यावरही इंजिन फ्लायव्हीलच्या जोराने काही क्षण फिरत राहते. त्या क्षणांत कान द्यायचा. ठोका एकदम नाहीसा झाला तर आधी नोझल आणि टायमिंगकडे पाहावे. ठोका मंद होऊनही कायम राहिला तर दोष पिस्टन, पिन किंवा बेअरिंगमध्ये असण्याचा संभव मोठा. हे काम मिस्त्रीलाच करू द्यावे. त्या नळीत इंधनाचा दाब इतका असतो की सैल नटातून उडालेली बारीक धार कातडीत घुसू शकते.

आवाजातही फरक असतो. पिस्टन लायनरमध्ये ढिला झाला असेल तर थंड इंजिनात पोकळ आवाज येतो आणि तापल्यावर विरतो. पिस्टनच्या पिनचा आवाज बारीक व दुहेरी असतो. रॉडच्या बेअरिंगचा ठोका भरीव असून भार बदलताना ठळक होतो. क्रँकच्या मुख्य बेअरिंगचा आवाज खोल, जमिनीतून आल्यासारखा असतो आणि भार टाकला की वाढतो. परंतु हे सारे अंदाज आहेत. आमच्या देगलूर नाक्याकडच्या मिस्त्रीचे म्हणणे एकच असते : ‘‘सेठ, आधी खोलू, मग बोलू.’’

मांजरपाटाची परीक्षा

आता एक परीक्षा सांगतो, तिला लागणारी वस्तू आमच्या दुकानातली आहे. इंजिनाचे तेल गरम असताना काढून पांढऱ्या मांजरपाटाच्या तुकड्यातून गाळावे आणि कापड उन्हात धरून पाहावे. चंदेरी चमकणारे बारीक कण दिसले तर बेअरिंगचा वरचा थर झिजत आहे. तांबूस-पिवळे कण दिसले तर तो थर संपून खालचा तांबूस थर लागला आहे. कापडाखाली लोहचुंबक फिरवावे. जे कण ओढले जातील ते लोखंडाचे, म्हणजे लायनर, रिंग किंवा क्रँकचे. काहीच आढळले नाही तर थोडा दिलासा समजावा.

यानंतर इंजिन पूर्ण न खोलता, बाजूचे झाकण काढून मिस्त्रीने रॉडचे खालचे टोक हाताने हलवून पाहावे. आडवे थोडे सरकणे स्वाभाविक आहे. वर-खाली ढिलाई हाताला जाणवता कामा नये.

२०१९ : दुसरे इंजिन

२०१९ च्या मे महिन्यात आमच्या दुसऱ्या इंजिनात ठोका आला. रमजान सुरू होता, ईद ५ जूनला होती आणि जूनच्या मध्यावर शाळा उघडणार होत्या. ईदचे कपडे आणि शाळांचे गणवेश ही दोन्ही कामे एकदम अंगावर होती. भारनियमन पूर्वीसारखे उरले नव्हते, पण उन्हाळ्यात वीज कधीही जायची. कारागीर रोजे ठेवून बसलेले आणि ईदपूर्वी त्यांची मजुरी चुकती करायची. या वेळी मात्र आम्ही त्याच घडीला इंजिन बंद केले आणि एका मंडपवाल्याकडून जनरेटर भाड्याने आणला.

तेल गाळले तेव्हा मांजरपाटावर चंदेरी कण चमकले. पण मिस्त्रीने त्याआधीच एक गोष्ट हेरली होती. तेलाच्या काडीवर पातळी खुणेच्या वर होती. आम्ही महिनाभर खूश होतो की आपले इंजिन तेल खात नाही! खरे म्हणजे नोझल गळत होते आणि न जळलेले डिझेल खाली उतरून तेलात मिसळत होते. तेल पातळ झाले, थर टिकेना आणि बेअरिंग झिजले. तेलाची पातळी आपोआप वाढणे ही कमी होण्याइतकीच वाईट खूण आहे, हे येथे आवर्जून सांगतो. मूळ दोष नोझलचा होता. तो तसाच ठेवून नुसते बेअरिंग बदलले असते तर नवे बेअरिंगही गेले असते.

तीन प्रश्न

इंजिन खोलल्यावर मालकाने मिस्त्रीला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न क्रँक आणि ब्लॉकचा. बाकी भाग बाजारात मिळतात, इंजिनाची खरी जिंदगी या दोहोंत असते. क्रँक मायक्रोमीटरने मोजून घ्यावी. झिजलेली क्रँक लेथवाल्याकडे घासून ‘दहा’, ‘वीस’, ‘तीस’ अशा मापावर आणतात. दहा म्हणजे इंचाचे दहा हजारांश, सुमारे पाव मिलिमीटर. त्या मापाचे जाड बेअरिंग बसवतात. पहिल्यांदाच दहावर जाणारी क्रँक म्हणजे अजून आयुष्य बाकी आहे. आधीच तीसवर गेलेली क्रँक पुन्हा घासायला लावणे धोक्याचे, कारण पुढचे बेअरिंग मिळेलच असे नाही. क्रँक धुऊन चिरेसाठी तपासून घ्यावी. ब्लॉकला चीर असेल तर तेथेच थांबावे.

दुसरा प्रश्न सुट्या भागांचा. या मॉडेलचे भाग गावात मिळतात का? आपल्याकडे पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची इंजिने, तसेच राजकोटकडची मंद गतीची लिस्टर धर्तीची इंजिने पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. त्यांचे भाग आणि जाणकार मिस्त्री दोन्ही सापडतात. कमी खपाच्या आणि भाग न मिळणाऱ्या इंजिनावर मोठा खर्च करणे शहाणपणाचे नाही.

तिसरा प्रश्न स्वतःला विचारायचा. हे इंजिन आपल्याला अजून किती वर्षे आणि दिवसाला किती तास लागणार आहे?

आमचा हिशेब

आमची क्रँक दहावर आली आणि ब्लॉक साबूत निघाला. मिस्त्रीकडून कागदावर लिहून घेतलेला अंदाज असा होता : क्रँक घासणे १,२०० रुपये, बेअरिंग ८००, लायनर-पिस्टन-रिंग संच ५,०००, हेडचे काम १,५००, नोझल व पंप १,३००, गॅस्केट-तेल-फिल्टर १,७०० आणि मजुरी २,५००. एकूण १४,००० रुपये. भाड्याच्या जनरेटरचे सहा दिवसांचे ३,००० धरून १७,०००. नव्या इंजिनाचा भाव, अल्टरनेटर जुनाच ठेवून, ४८,००० रुपये सांगितला गेला.

आम्ही वर्षाचा वापर ६०० तास धरला. बांधलेले इंजिन तीन वर्षे चालले तर १,८०० तास, म्हणजे तासाला साडेनऊ रुपयांच्या आसपास. नवे इंजिन दहा वर्षे चालले तर ६,००० तास, म्हणजे तासाला आठ रुपये. कागदावर नवे इंजिन स्वस्त पडत होते. तरीही आम्ही जुने बांधले.

त्याची दोन कारणे. ईदच्या तोंडावर ३१,००० रुपये जास्तीचे लोखंडात अडकवले असते, तर तेवढे कापड कमी भरावे लागले असते किंवा मजुरी थकवावी लागली असती, नाहीतर व्याजाचे पैसे घ्यावे लागले असते. यांपैकी एकही गोष्ट आम्हाला मंजूर नव्हती. दुसरे म्हणजे, विजेची स्थिती सुधारत होती. नवे इंजिन ६,००० तास चालू शकते हे खरे, पण आम्हाला ६,००० तास लागणार होते का? जे तास वापरलेच जाणार नाहीत, त्यांचे पैसे आज कशाला मोजायचे?

पुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि कारखाना महिनोन्‌महिने बंद राहिला. ते काही आम्हाला आधी ठाऊक नव्हते. परंतु पैसा हातात होता म्हणून कारागिरांना सांभाळता आले. ते इंजिन अजून आहे. आता ते कधीमधीच सुरू करावे लागते.

लातूरचा उलट निर्णय

आम्ही बांधले म्हणून प्रत्येकाने बांधावे असे नव्हे. लातूरला गंजगोलाईच्या मागे आमच्या मामेभावाची पिठाची गिरणी आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तो उन्हाळा सर्वांना आठवत असेल. पिण्याला पाणी नाही, तेथे इंजिन थंड ठेवायला कोण देणार? त्यांनी टाकीतले पाणी कमी केले. त्यातच बोअरच्या जड पाण्याची खपली आत साचलेली. इंजिन तापले, पिस्टन धरला आणि नंतर ठोकू लागले. त्यांनी फोन करून विचारले, ‘‘भाईजान, तुमच्या मिस्त्रीला पाठवता का?’’ मिस्त्री लोहा-अहमदपूरमार्गे जाऊन आला. क्रँक पूर्वीच तीसवर गेलेली, लायनर ओरखडलेला आणि ब्लॉकला पाण्याच्या बाजूने चीर. त्याने सरळ सांगितले की यात पैसा घालू नका.

भावाने नवे इंजिनही घेतले नाही. विजेची मोटर बसवली आणि वीज नसेल तेव्हा गिरणी बंद ठेवायचे ठरवले. बांधणे आणि बदलणे यांशिवाय हा तिसरा रस्ताही असतो, तो विसरू नये.

एक गिऱ्हाईक मात्र ते इंजिन चालू म्हणून घ्यायला तयार होता. एका दलालाने सुचवले की जाड तेल टाका, ठोका दबतो. भावाने चीर दाखवली आणि भंगाराच्या भावाने दिले. मालातला ऐब लपवून विकू नये, ही आपल्याला दिलेली शिकवण कापडाला जशी लागू आहे तशी इंजिनालाही. घेणाऱ्याने सुद्धा सावध असावे. जुने इंजिन विकत घेताना ते थंड असतानाच सुरू करायला लावावे आणि तेल नेहमीपेक्षा जाड वाटले तर कारण विचारावे.

होडीच्या इंजिनाबद्दल थोडे

पुराच्या वेळी बचावाच्या रबरी होड्यांना मागे लावलेले छोटे इंजिन गोदावरीकाठच्या लोकांनी पाहिले आहे. कोकणात मच्छीमार बांधवांच्या होड्यांनाही तसेच इंजिन असते. त्यात टू-स्ट्रोकचा प्रकार असेल तर वरचा हिशेब बदलतो. अशा इंजिनात तेल इंधनातूनच मिळते. मिश्रणात तेल कमी पडले किंवा गाळाने पाण्याचा मार्ग तुंबला की पिस्टन लगेच धरतो. क्रँकवर बहुधा रोलर बेअरिंग असते, ते आपल्या डिझेलसारखे घासून दहा-वीसवर नेता येत नाही. क्रँकचा संचच बदलावा लागतो आणि खर्च नव्याच्या जवळ जातो. खाऱ्या पाण्याने बोल्ट गंजून धरलेले असतात ते वेगळेच. शिवाय आपले इंजिन बंद पडले तर धंदा थांबतो, पाण्यात बंद पडले तर जिवावर बेतते. म्हणून तेथे शंका असेल तर नव्याकडे झुकणेच बरे.

बांधल्यानंतर

बांधलेले इंजिन पहिल्याच दिवशी पूर्ण भारावर चालवू नये. सुरुवातीचे काही दिवस हलका भार द्यावा, पहिले तेल सुमारे ५० तासांत बदलावे आणि हेडचे बोल्ट मिस्त्रीकडून पुन्हा कसून घ्यावेत. काढलेले जुने भाग परत मागून घ्यावेत आणि क्रँक कोणत्या मापावर गेली ते बिलावर लिहून घ्यावे. पुढच्या वेळी हाच कागद उपयोगी पडतो. तेल बदलल्याची तारीख आम्ही आता खडूने भिंतीवर लिहितो आणि काडी रोज सकाळी कारागिरांपैकी एक जण पाहतो.

२००७ साली आम्ही तीन दिवसांचे काम मिळवायला गेलो आणि इंजिन गमावले. २०१९ साली सहा दिवसांचे भाडे दिले आणि ईदच्या चार दिवस आधी सर्वांची मजुरी चुकती झाली. ठोका ऐकू आला तर बंद करा, उघडून मोजून घ्या आणि मगच पैशाचा विचार करा.